पान, खोड आणि बीज : वनस्पती-जीवाश्मांच्या वर्गीकरणाचा एकोणिसाव्या शतकातील वाद



एखाद्या नामशेष वनस्पतीचे पान एका खडकात, खोड दुसऱ्या खडकात आणि बीज तिसऱ्याच खडकात सापडले, तर ही तिन्ही एकाच झाडाची आहेत असे कशाच्या आधारे म्हणावे? आणि तसे म्हणता आले, तरी त्या झाडाला आजच्या वनस्पतिसृष्टीत कोणाचा आप्त मानावे? हे दोन प्रश्न वरवर पाहता केवळ तज्ज्ञांचे वाटतात. परंतु एकोणिसाव्या शतकात याच प्रश्नांवर पॅरिस, प्राग, लंडन आणि मँचेस्टर येथील अभ्यासक पिढ्यान्‌पिढ्या परस्परांशी झगडले, आणि त्या झगड्याचा धागा नागपूरजवळच्या खडकांपर्यंतही येऊन पोहोचला. प्रस्तुत व्याख्यानात या वादाचा विचार चार टप्प्यांनी करावयाचा आहे : पहिला टप्पा बाह्य आकाराचा, दुसरा अवयवांच्या जोडणीचा, तिसरा खोडाच्या आंतररचनेचा आणि चौथा बीजाचा. त्यानंतर भारतातील ग्लॉसॉप्टेरिसच्या प्रकरणाकडे वळून या सर्वांतून काय निष्पन्न होते ते पाहता येईल.

प्रथम अडचण कोणती होती, ते स्पष्ट केले पाहिजे. प्राण्याचा सांगाडा पुष्कळदा एकत्र सापडतो. झाड मात्र जिवंतपणीच आपले अवयव वेगळे करीत असते. पाने गळतात, बीजे वाऱ्याने किंवा पाण्याने दूर जातात, फांद्या मोडतात, मुळे जमिनीतच राहतात. म्हणून खडकात बहुधा झाड मिळत नाही, झाडाचे तुकडे मिळतात. शिवाय त्या तुकड्यांचे जतनही एकाच रीतीने झालेले नसते : कुठे गाळात दबलेल्या पानाची केवळ छाप उरते, कुठे पोकळीत शिरलेला गाळ घट्ट होऊन साचा तयार होतो, तर कुठे खनिजद्रव्य पेशींमध्ये झिरपून लाकडाची बारीकसारीक रचना दगडात कायम राहते, या शेवटच्या प्रक्रियेला अश्मीभवन म्हणतात. एकाच झाडाचे छाप, साचा आणि अश्मीभूत लाकूड असे तीन अवशेष हाती आले, तर ते तीन निरनिराळ्या वनस्पतींचे वाटावेत इतके ते वेगळे दिसतात.

मग आरंभीच्या अभ्यासकांनी काय करावे? त्यांनी जे दिसत होते त्याला नाव दिले. जर्मनीतील एर्न्स्ट फॉन श्लोटहाइम याने १८०४ मध्ये कोळशाच्या थरांतील वनस्पतींच्या छापांचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि बोहेमियातील काउंट कास्पर फॉन स्टर्नबर्ग याने १८२० पासून आपला प्राचीन वनस्पतिसृष्टीवरील ग्रंथ भागाभागाने प्रकाशित करण्यास सुरुवात केली. स्टर्नबर्गचे महत्त्व असे की, वनस्पती-जीवाश्मांच्या शास्त्रीय नामकरणाचा अधिकृत प्रारंभ आजही त्याच्या ग्रंथापासून, म्हणजे ३१ डिसेंबर १८२० या दिनांकापासून मोजला जातो. कोळशाच्या खाणींत सर्वत्र आढळणाऱ्या, खोडावर समचतुर्भुजाकृती खुणांची नक्षी असलेल्या लेपिडोडेंड्रॉन या प्रजातीचे नाव त्याचेच आहे.

परंतु या विखुरलेल्या नावांना पद्धतीचे रूप दिले ते आदोल्फ ब्रॉन्यार याने. १८०१ मध्ये जन्मलेल्या या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२२ मध्ये, म्हणजे ऐन एकविशीत, वनस्पती-जीवाश्मांच्या वर्गीकरणावर निबंध लिहिला आणि १८२८ मध्ये त्या विषयाच्या इतिहासाची रूपरेषा ग्रंथरूपाने मांडली. नेच्यासारख्या पानांची विभागणी त्याने शिरांच्या मांडणीवरून आणि पर्णिकेच्या आकारावरून केली. पेकॉप्टेरिस, न्यूरॉप्टेरिस, स्फेनॉप्टेरिस ही नावे त्याच पद्धतीतून आली. ज्या पानांवर बीजुके, म्हणजे नेच्यांच्या प्रजननाच्या सूक्ष्म पेशी, दिसतच नव्हती, त्या पानांना क्रम लावण्याचा याहून व्यवहार्य मार्ग त्या काळी नव्हता. याच ग्रंथात ब्रॉन्यारने भूतकाळाचे चार कालखंड कल्पून असे दाखविले की, सर्वांत जुन्या खडकांत बीजे न धरणाऱ्या वनस्पतींचे प्राबल्य आहे, त्यानंतर सूचिपर्णी व सायकससारख्या प्रकटबीज वनस्पती, म्हणजे ज्यांची बीजे फळात झाकलेली नसतात अशा वनस्पती, वाढत जातात आणि द्विदल फुलझाडे अगदी शेवटी येतात.

येथेच वर्गीकरणाचा प्रश्न केवळ नावांचा राहिला नाही. एखादे खोड कोणत्या गटात घालावयाचे यावर आता वनस्पतिसृष्टीचा संपूर्ण क्रम अवलंबून होता. कोळशाच्या अरण्यातील महावृक्ष बीजधारी ठरले, तर इतिहास एक; ते बीजाविना वाढणारे ठरले, तर इतिहास दुसरा. म्हणूनच पुढचा वाद इतका तीव्र झाला.

बाह्य आकारावर विसंबण्यातला धोका प्रथम इंग्लंडमध्ये ठळकपणे मांडला गेला. जॉन लिंडली आणि विल्यम हटन यांनी १८३१ ते १८३७ या काळात ब्रिटनच्या जीवाश्म वनस्पतींवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. लिंडलीला असा प्रश्न पडला की, खडकात नेचे अधिक आणि फुलझाडे दिसतच नाहीत, याचा अर्थ फुलझाडे त्या काळी नव्हतीच असा घ्यावा, की ती कुजून गेली असा? उत्तर मिळविण्यासाठी त्याने १७७ प्रकारच्या वनस्पती पाण्याच्या टाकीत बुडवून दोन वर्षांहून अधिक काळ ठेवल्या. पुष्कळशा वनस्पती कुजून नाहीशा झाल्या. नेचे, सूचिपर्णी आणि लायकोपोडियमच्या गटातील वनस्पती मात्र टिकून राहिल्या. त्याचा निष्कर्ष पुढे सर्वस्वी खरा ठरला नाही, कारण कोळशाच्या काळात फुलझाडे खरोखरीच अस्तित्वात नव्हती. परंतु जे सापडत नाही ते नव्हतेच असे मानण्यापूर्वी ते टिकण्याजोगे होते काय हे तपासले पाहिजे, हा त्याचा धडा कायमचा आहे.

आता दुसरा टप्पा, अवयवांच्या जोडणीचा. कोळशाच्या थराखालील मातीत स्टिग्मारिया नावाचे, गोल खुणांनी भरलेले, आडवे पसरलेले जाड अवशेष विपुल मिळत. हे काय असावे? लिंडली आणि हटन यांनी ती दलदलीत पसरणारी मांसल स्वतंत्र वनस्पती मानली होती. १८४० मध्ये विल्यम लोगन याने दक्षिण वेल्समधील कोळशाच्या थरांच्या तळाशी असलेल्या मातीत स्टिग्मारिया नियमाने आढळते, हे दाखविले. ब्रॉन्यारने आंतररचनेवरून ही सिजिलारिया या कोळशाच्या अरण्यातील महावृक्षाची मुळे असावीत असा तर्क केला होता. आणि १८४० च्याच दशकात मँचेस्टरच्या एडवर्ड बिनी याने लँकशायरमधील सेंट हेलेन्स येथे सिजिलारियाचे उभे बुंधे असे दाखविले की ज्यांच्या तळाशी स्टिग्मारिया प्रत्यक्ष जोडलेली होती. एका वनस्पतीचे नाव त्या दिवशी दुसऱ्या वनस्पतीच्या मुळाचे नाव ठरले. तर्काने जे सुचविले होते ते जोडणीने सिद्ध केले. शिवाय त्या मातीत मुळे जागच्या जागी रुजलेली असल्याने कोळसा तेथेच वाढलेल्या अरण्यापासून बनला, या मतालाही भक्कम आधार मिळाला.

तिसरा टप्पा सर्वांत दीर्घ आणि सर्वांत कटू. त्याला कारण झाले एक तंत्र. एडिंबरो येथील विल्यम निकोल याच्या पद्धतीने अश्मीभूत लाकडाचा तुकडा काचेवर चिकटवून इतका पातळ घासला जाई की त्यातून प्रकाश आरपार जावा. मग सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक पेशी दिसे. हेन्री विथॅम याने १८३१ आणि १८३३ मध्ये या छेदांवर आधारलेले ग्रंथ प्रसिद्ध केले. जे शास्त्र तोवर केवळ बाहेरून पाहत होते, ते आता आत पाहू लागले. परंतु आत जे दिसले त्याचा अर्थ कोण लावणार?

ब्रॉन्यारने एक नियम हाती घेतला. जिवंत सूचिपर्णी व द्विदल झाडांच्या सालीखाली ऊतककर नावाचा विभाजनशील पेशींचा पातळ थर असतो. तो आतल्या बाजूला सतत नवे लाकूड तयार करतो आणि त्यामुळे खोड जाड होत जाते. या वाढीव लाकडाला दुय्यम काष्ठ म्हणतात. आजच्या नेच्यांत, एक्विसीटममध्ये (अश्वपुच्छात) किंवा लायकोपोडियममध्ये, म्हणजे बीजुकांनी वाढणाऱ्या वनस्पतींत, असे काष्ठ जवळजवळ नसते. तेव्हा ज्या जीवाश्म खोडात दुय्यम काष्ठ आढळेल ते बीजधारी प्रकटबीज वनस्पतीचे, हा तो नियम होता. १८३९ मध्ये ब्रॉन्यारने सिजिलारियाच्या एका खोडात दुय्यम काष्ठ पाहून तिला प्रकटबीज वनस्पतींत बसविले, आणि ज्या लेपिडोडेंड्रॉनमध्ये ते दिसले नव्हते तिला लायकोपोडियमच्या बाजूला ठेवले. अश्वपुच्छासारख्या कॅलॅमाइट्सच्या बाबतीतही हेच झाले : ज्या खोडात काष्ठ नव्हते ते एक्विसीटमचे आप्त, आणि ज्यात होते त्यांना कॅलॅमोडेंड्रॉन असे वेगळे नाव देऊन प्रकटबीजांत घातले गेले.

हा नियम चुकीचा होता काय? तो तर्कशुद्ध होता, तो जिवंत वनस्पतींवर काळजीपूर्वक तपासलेला होता, आणि त्या काळच्या बहुतेक विद्वानांना तो पटलाही होता. प्रश्न इतकाच होता की, आज जिवंत असलेल्या मोजक्या गटांवरून काढलेला नियम कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या, आज वंशज मागे न ठेवलेल्या वनस्पतींवर लादता येतो काय?

या प्रश्नाचे उत्तर देण्यात ज्याने आयुष्याची पंचवीस वर्षे घालविली तो विल्यम क्रॉफर्ड विल्यमसन होय. १८१६ मध्ये जन्मलेला हा वैद्यकीचा व्यवसाय करणारा गृहस्थ १८५१ मध्ये मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजात निसर्गविज्ञानाचा पहिला प्राध्यापक झाला. लँकशायरमधील ओल्डहॅम आणि यॉर्कशायरमधील हॅलिफॅक्स येथील कोळशाच्या थरांत चुनखडीयुक्त गोळे मिळतात, ज्यांना खाणकामगार कोल बॉल म्हणत. त्यांच्यात अरण्याच्या तळावरचा पालापाचोळा, फांद्या, मुळे आणि बीजे पेशीन्‌पेशी जपलेली असतात. विल्यमसनने हे गोळे कापून त्यांचे असंख्य छेद तयार केले आणि १८७१ पासून रॉयल सोसायटीच्या ग्रंथमालेत कोळशाच्या काळातील वनस्पतींच्या रचनेवर एकामागून एक असे एकोणीस निबंध प्रसिद्ध केले. आकृत्या त्याने स्वतः काढल्या.

त्याचे पहिले काम कॅलॅमाइट्सवर होते. कॅलॅमाइट्सचा जो उभ्या कण्यांचा, पेरापेरांचा दगड सर्वत्र खोड म्हणून ओळखला जाई, तो मुळात खोड नव्हताच, असे त्याने दाखविले. बांबूच्या पोकळीत गाळ भरावा, तो कठीण व्हावा आणि बांबू कुजून जावा, तर जो दांडा उरेल तसा तो खोडाच्या मध्यभागातील पोकळीचा साचा होता. काष्ठ त्याच्या बाहेर होते आणि बहुतेक नमुन्यांतून ते नाहीसे झाले होते. म्हणजे काष्ठ असलेली आणि नसलेली अशी दोन झाडे नव्हती. एकाच झाडाचे दोन प्रकारचे जतन होते. ज्या भेदावर कॅलॅमोडेंड्रॉन उभे होते तो भेद झाडातला नव्हता, जतनातला होता.

दुसरे काम लेपिडोडेंड्रॉनवर. स्कॉटलंडच्या ॲरन बेटावर सापडलेल्या अश्मीभूत नमुन्यांवरून विल्यमसनने असे दाखविले की, एकाच जातीच्या कोवळ्या फांदीत दुय्यम काष्ठ नसते आणि जाड, जुन्या भागात ते असते. मग काष्ठ नसलेली ती लेपिडोडेंड्रॉन आणि काष्ठ असलेली ती सिजिलारिया, हा भेद टिकणार कसा? कोवळ्या आणि वयस्क अवस्थांना दोन वर्गांत टाकण्याची चूक झाली होती. बीजुकांनी वाढणाऱ्या वनस्पतीही ऊतककर बाळगू शकतात, दुय्यम काष्ठ तयार करू शकतात आणि महावृक्ष होऊ शकतात, हे विल्यमसनचे प्रतिपादन होते.

हे प्रतिपादन सहज स्वीकारले गेले नाही. १८७१ मध्ये एडिंबरो येथे भरलेल्या ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात त्यावर तीव्र चर्चा झाली, आणि ब्रिटिश म्युझियमच्या वनस्पती विभागाचा प्रमुख विल्यम करूदर्स हा विरोधकांत होता. फ्रान्समध्ये ब्रॉन्यारचा वारसा बेर्नार रेनो याने पुढे चालविला. विल्यमसनने १८८२ मध्ये मार्कस हार्टॉग याच्या साह्याने आपली बाजू फ्रेंच भाषेत, फ्रेंच नियतकालिकातच मांडली; ज्यांना पटवावयाचे त्यांच्याच भाषेत आणि त्यांच्याच व्यासपीठावर जाऊन बोलण्याची ही वृत्ती विद्येच्या क्षेत्रात आदर्श मानली पाहिजे. अखेर निर्णय लागला तो काष्ठाने नव्हे. १८८४ मध्ये रने झेलेर या फ्रेंच अभ्यासकानेच सिजिलारियाचे शंकू वर्णिले. त्यांच्या देठांवर सिजिलारियाच्या खुणा होत्या आणि शंकूंत बीजे नव्हती, बीजुके होती. ब्रॉन्यारच्या देशातूनच ब्रॉन्यारच्या मताविरुद्ध निर्णायक पुरावा आला, आणि फ्रेंच विज्ञानाने तो प्रसिद्ध केला.

तेव्हा विल्यमसन जिंकला आणि ब्रॉन्यार हरला, असे म्हणून हे प्रकरण मिटविता येईल काय? तसे मिटविता येत नाही, आणि या संपूर्ण व्याख्यानाचा गाभा नेमका येथे आहे.

चौथा टप्पा बीजाचा. कोळशाच्या थरांतील नेच्यासारख्या पानांच्या विपुलतेमुळे त्या काळाला नेच्यांचे युग म्हणण्याची प्रथा पडली होती. परंतु यांपैकी कित्येक पानांवर बीजुककोश कधीच का दिसत नाहीत? व्हिएन्नाच्या डिओनिस श्टुर याने १८८३ मध्ये न्यूरॉप्टेरिससारखी पाने याच कारणाने नेच्यांतून वगळली. दुसरीकडे खुद्द विल्यमसनला लायजिनोडेंड्रॉन नावाच्या खोडात नेच्यांची आणि सायकससारख्या वनस्पतींची लक्षणे एकत्र दिसत होती. या वनस्पतीचा इतिहास उद्‌बोधक आहे : तिच्या खोडाला लायजिनोडेंड्रॉन, देठाला रॅकिऑप्टेरिस, पानाला स्फेनॉप्टेरिस आणि मुळाला कॅलोझायलॉन अशी चार नावे मिळालेली होती, आणि हे चारही अवयव एकाच झाडाचे आहेत हे हळूहळू, जोडणी सापडत गेली तसे, उघड झाले. विल्यमसन १८९५ मध्ये निवर्तला. १८९९ मध्ये हेन्री पोटोनिए याने अशा मध्यस्थ वनस्पतींसाठी नेचे आणि सायकस यांची नावे जोडून एक गट सुचविला. त्यानंतर १९०३ मध्ये फ्रान्सिस ऑलिव्हर आणि डी. एच. स्कॉट यांनी लॅजिनोस्टोमा नावाच्या बीजाच्या आवरणावर असलेल्या, टोकाशी गोलसर डोके असणाऱ्या विशिष्ट ग्रंथी लायजिनोडेंड्रॉनच्या खोडावर आणि पानावरही तशाच असल्याचे दाखवून ते बीज याच वनस्पतीचे असल्याचे प्रतिपादिले. नेच्यासारखी पाने असलेली ही वनस्पती बीजधारी होती. बीजी नेचे या नव्या गटाचा उदय असा झाला.

आता विचार करावा. लायजिनोडेंड्रॉनमध्ये दुय्यम काष्ठ होते, आणि ती खरोखरच बीजधारी निघाली. म्हणजे ब्रॉन्यारचा नियम सिजिलारियात खोटा ठरला, कॅलॅमाइट्समध्ये खोटा ठरला, पण येथे त्याचे उत्तर बरोबर आले. काष्ठ हे लक्षण निरर्थक नव्हते. ते एकटे पुरेसे नव्हते. कोणतेही एक लक्षण, मग ते पानाची शीर असो, खोडाचे काष्ठ असो किंवा प्रत्यक्ष बीज असो, स्वतःच्या बळावर आप्तसंबंध ठरवू शकत नाही. अनेक लक्षणे एकाच झाडावर, सिद्ध झालेल्या जोडणीने, एकत्र आली पाहिजेत. एकोणिसाव्या शतकाने हे सूत्र कोणत्याही ग्रंथातून घेतले नाही. शंभर वर्षांच्या वादातून ते कमावले.

हा वाद भारतातही कसा उतरला, ते पाहणे आवश्यक आहे. ब्रॉन्यारने १८२८ मध्येच भारतातील आणि ऑस्ट्रेलियातील जिभेच्या आकाराच्या, जाळीदार शिरांच्या पानांना ग्लॉसॉप्टेरिस हे नाव देऊन ती नेच्यांत घातली. नागपूर परिसरात स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांनी अशा वनस्पतींचे मोठे संग्रह केले आणि चार्ल्स बनबरी याने १८६१ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक नियतकालिकात त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. विदर्भातील खडक अशा रीतीने या जागतिक चर्चेत सामील झाले. पण ही पाने युरोपच्या कोळशात नव्हती. मग खडकांचे वय कसे ठरवावे? जाळीदार शिरांची पाने मुख्यत्वे मध्यजीव महाकल्पातील, या समजाचा आधार घेऊन ऑस्ट्रेलियात फ्रेडरिक मॅकॉय याने तेथील कोळसा अलीकडचा ठरविला, तर डब्ल्यू. बी. क्लार्क याने तो पुराजीव महाकल्पातील असल्याचा आग्रह धरला. भारतात भूवैज्ञानिक सर्वेक्षणात १८७५ मध्ये आलेल्या बोहेमियन ओटोकार फाइस्टमांटेल याने दामोदर खोऱ्यातील वनस्पतींना सुरुवातीला ट्रायासिक, म्हणजे मध्यजीव महाकल्पातील, मानले, आणि डब्ल्यू. टी. ब्लॅनफर्ड याने त्या निष्कर्षाशी मतभेद नोंदविला. आज हे कोळशाचे थर पर्मियन कल्पातील, म्हणजे पुराजीव महाकल्पाच्या अखेरचे मानले जातात. युरोपची मोजपट्टी सर्व जगाला लागू होतेच असे नाही, हे या प्रकरणाने सिद्ध केले.

येथेही जोडणीनेच मार्ग दाखविला. व्हर्टेब्रारिया नावाची, कण्याच्या मणक्यांसारखी दिसणारी स्वतंत्र वनस्पती मानली गेलेली वस्तू ग्लॉसॉप्टेरिसचाच भूमिगत भाग असल्याचे झेलेरने १८९६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील नमुन्यांवरून दाखविले. आणि नेचा म्हणून नोंदली गेलेली ही वनस्पती बीजधारी असल्याचा भक्कम पुरावा, म्हणजे पानांना जोडलेले प्रजनन अवयव, दक्षिण आफ्रिकेतच एडना प्लमस्टेड यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केला. नाव दिल्यापासून आप्तसंबंध समजेपर्यंत सव्वाशे वर्षे लागली.

समारोपादाखल चार गोष्टी पुन्हा सांगितल्या पाहिजेत. बाह्य आकारावरून दिलेली नावे उपयुक्त असतात, पण ती आप्तसंबंधाचा दाखला नव्हेत. आंतररचना अधिक खोल पुरावा देते, परंतु कोवळ्या व वयस्क अवस्थांतील आणि जतनाच्या प्रकारांतील भेद ध्यानात न घेतल्यास तीही दिशाभूल करते. जिवंत वनस्पतींवरून काढलेला नियम नामशेष वनस्पतींवर लादण्यापूर्वी त्यांच्यावरच तपासावा लागतो. आणि जोडणी हा सर्वांत बलवान पुरावा असल्याने, वेगळ्या अवयवांना वेगळी नावे ठेवून सिद्ध झाल्यावरच त्यांना एकत्र आणणे, ही आजही पाळली जाणारी पद्धत अज्ञानाची नव्हे, प्रामाणिकपणाची खूण आहे.

श्रोतेहो, यातून एक कर्तव्य महाराष्ट्राकडे येते. नागपूर, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील गोंडवन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खडकांत वनस्पतींचे अवशेष आजही आहेत. ज्या दगडावर पान उमटले आहे, त्याच्याच शेजारच्या दगडात त्याचे बीज असू शकते. तो दगड जागा न नोंदविता उचलला, विकला किंवा दिवाणखान्यात ठेवला, तर पान उरते आणि पुरावा नष्ट होतो. म्हणून शाळा, महाविद्यालये आणि हौशी संग्राहक या सर्वांना हे आवाहन आहे : जीवाश्म सापडला, तर तो जागेवरून हलवू नका; त्याचे छायाचित्र घ्या, ठिकाण आणि थर यांची नोंद करा, आणि जवळच्या विद्यापीठाच्या भूविज्ञान किंवा वनस्पतिशास्त्र विभागाला कळवा.